फोटोग्राफरची ट्रायल

"फोटोग्राफर मी बघतो," लिफ्ट-इन्स्पेक्टर म्हणाले, आणि बायकोने चहाचा कप खाली ठेवला.

लेकीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. हॉल, जेवण, कपडे, पत्रिका सगळं मायलेकींनी परस्पर उरकलं होतं, आणि वधूपित्याकडे होकारार्थी मान हलवण्यापलीकडे काम उरलं नव्हतं. (तेही बहुतेक वेळा मान हलवून झाल्यावर कशाला हलवली ते कळायचं.) तेव्हा त्यांना काहीतरी हवं होतं, हे खरं.

"अहो, तुम्ही नका," बायको म्हणाली. आवाज मऊ होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "आपल्या लग्नात तुम्हीच बघितला होतात."

हे मात्र खरं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी इन्स्पेक्टरांनी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला फोटो काढायला सांगितलं होतं. त्याच्याकडे नवा कॅमेरा होता आणि लिफ्टची जुनी आवड होती. अल्बममध्ये हॉलच्या लिफ्टचे अकरा फोटो होते, दार उघडं, दार बंद, केबल, कप्पी. नवरी दोनच फोटोंत होती. एकात पाठमोरी, दुसऱ्यात फक्त कोपर. बायकोने तो अल्बम कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली होती.

"म्हणूनच," इन्स्पेक्टर म्हणाले. "या वेळी तपासल्याशिवाय घेणार नाही."

तपासणं हा त्यांचा स्वभाव होता. छत्री घेताना ते दुकानदाराला नळ कुठे आहे विचारायचे. लेकीने आईकडे बघितलं. "जाऊ दे ना आई. फिरतील दोन दिवस, मग आपण आपला ठरवू."

पण इन्स्पेक्टर पेटले होते.

पहिल्या स्टुडिओत मोठ्या मिशांचा, छोट्या आवाजाचा गृहस्थ भेटला. "आम्ही कॅन्डिड काढतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे फोटोग्राफर आहे हे कुणाला कळतच नाही."

"मग तुम्ही आलात की नाही हे मला कसं कळणार?"

"फोटो बघितल्यावर."

"आणि फोटोच नसले तर?"

गृहस्थाने मिशीला हात लावला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्याकडे ड्रोन होता. इन्स्पेक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी खिशातून वही काढली. "वर असताना बॅटरी संपली तर?"

"खाली येतो."

"सावकाश की एकदम?"

"आजवर कुणी विचारलं नाही."

"खाली पाहुणे असणार, म्हणून विचारतो. इमर्जन्सी ब्रेक?"

त्या तरुणाने ड्रोन उचलून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

तिसरी एक बाई होती. ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या अरुंद खोलीत ती एकटीच बसून लेन्स पुसत होती. इन्स्पेक्टरांचे सतरा प्रश्न तिने मान खाली घालून ऐकून घेतले आणि म्हणाली, "ट्रायल घ्या. रविवारी सकाळी घरी येते. पण खरी माणसं, खरे कपडे आणि खरी गर्दी पाहिजे. रिकाम्या खोलीत मी कशी आहे ते कळणार नाही."

हे इन्स्पेक्टरांना इतकं पटलं, की त्यांनी वही मिटली. लिफ्टसुद्धा ते माणसं भरूनच तपासत.

रविवारी लेकीची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी होती. "मग नवरी कोण?" असा प्रश्न आला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू "मी बसते हवं तर" म्हणाल्या, आणि त्यासरशी बायको उठून आत गेली. बाहेर आली ती ठेवणीतले कपडे घालून, केसांत दोन पांढरी फुलं खोचून आणि हातात गुच्छ घेऊन. इन्स्पेक्टरांनी लग्नातला कोट काढला. तो अंगात गेला, पण बटण लागल्यावर श्वास घेणं अवघड झालं. (घेतला नाही तर चालतं, असं त्यांनी दहा मिनिटांपुरतं ठरवलं.)

गर्दी म्हणून अख्खी बिल्डिंग आली. गच्चीवरच्या खुर्च्या खाली आल्या. चौथ्या मजल्यावरचे व्हायोलिनचे मास्तर व्हायोलिन घेऊन आले आणि कुणी सांगायच्या आत सुरूही झाले. कुणी गोंधळू नये म्हणून इन्स्पेक्टरांनी खाली लिफ्टजवळ कागद चिकटवला होता : "लग्नाची ट्रायल, दुसरा मजला. एका वेळी सहाच जणांनी चढावे." गडबडीत 'लग्न'च्या पुढच्या अक्षरांवर, 'ट्रायल'सकट, चिकटपट्टीचा जाड तपकिरी तुकडा बसला आणि नुसतं 'लग्न, दुसरा मजला' उरलं, हे त्यांना दिसलं नाही.

नेमके त्याच वेळी व्याही आणि विहीणबाई आपल्याकडच्या पाहुण्यांची यादी द्यायला आले.

विहीणबाईंनी कागद वाचला. मग वरून येणारं व्हायोलिन ऐकलं. "कुणाचं हो लग्न?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"इन्स्पेक्टरसाहेबांकडे."

"त्यांच्याकडे कुणाचं?"

"त्यांना एकच तर मुलगी आहे," वॉचमन म्हणाला. माहिती अगदी अचूक होती.

विहीणबाई लिफ्टसाठी थांबल्या नाहीत.

वर फोटोग्राफरबाई इन्स्पेक्टरांना सांगत होती, "आता हलू नका आणि बोलू नका." तेवढ्यात दारात विहीणबाई उभ्या राहिल्या. चेहरा लाल, हातात यादी, मागे व्याही.

"आमच्या मुलात काय कमी होतं?" त्या म्हणाल्या.

व्हायोलिन थांबलं. इन्स्पेक्टरांनी डोळे मोठे केले. ते हलले नाहीत आणि बोललेही नाहीत.

"बघा, तोंडातून शब्द फुटत नाहीये!" विहीणबाई व्याह्यांना म्हणाल्या. "कुठाय तो नवरामुलगा? बघू तरी!"

"हा काय," काकूंनी भाबडेपणाने इन्स्पेक्टरांकडे बोट दाखवलं.

"आणि नवरी?"

बायकोने चेहऱ्यासमोरचा फुलांचा गुच्छ हळूच खाली केला.

विहीणबाई खुर्चीत बसल्या. "या वयात?" एवढंच त्या म्हणाल्या.

व्याह्यांनी घाईघाईने मुलाला फोन लावला. मुलाने लगेच लॅबमध्ये फोन केला. "अगं, तुझ्या घरी आईबाबांचं लग्न चाललंय म्हणे."

"कोणाशी?" लेकीने घाबरून विचारलं.

"एकमेकांशीच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.

इकडे खुलासा करायचा म्हणून इन्स्पेक्टरांनी छाती भरून श्वास घेतला. त्यासरशी कोटाचं बटण बंदुकीतून सुटावं तसं सुटलं आणि व्याह्यांच्या चष्म्याच्या काचेवर टण्‌कन आपटलं. "ट्रायल!" इन्स्पेक्टर ओरडले. "ट्रायल आहे! फोटोची!"

पहिल्यांदा बायको हसली. दोन फुलं खाली पडेपर्यंत हसली. मग काकू, मग मास्तर, आणि शेवटी हातातल्या यादीने वारा घेत विहीणबाईही. "मी मेली जिना चढून आले धावत," त्या डोळे पुसत म्हणाल्या, आणि बायकोने त्यांना पाणी देता देता मिठीच मारली. आतापर्यंत दोघी एकमेकींशी पत्रिकेतल्या मजकुरासारख्या बोलत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा पाय वर घेऊन बसल्या आणि नवऱ्यांविषयी बोलल्या.

या सगळ्यात फोटोग्राफरबाई कुठे होती, ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

चार दिवसांनी तिने फोटो आणून दाखवले. विहीणबाईंचा लाल चेहरा होता, हवेतलं बटण होतं, आणि बायको होती. गुच्छामागून डोकावणारी, हसून वाकलेली, विहीणबाईंच्या गळ्यात हात टाकलेली. एक फोटो बायकोने उचलून जवळ धरला.

"ही मी आहे?" तिने विचारलं.

"तुम्हीच," बाई म्हणाली.

बायकोने तो फोटो खाली ठेवला नाही. इन्स्पेक्टरांना काहीतरी बोलावंसं वाटलं, पण त्यांनी ऑफिसातला सूर लावला. "ट्रायल पास. काम तुम्हाला दिलं."

"ते मी ठरवणार होते," बाई म्हणाली. "ट्रायल मीही घेत होते, घरच्यांची. आई चांगल्या आहेत, सासूबाई उत्तम. काम घेते. फक्त कुणाकुणाचे फोटो हवेतच, त्याची यादी मुलीकडून मागवली होती. ती आली आहे."

"दाखवा," इन्स्पेक्टर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. आपण एवढी धावपळ केली, म्हणजे आपलं नाव वरच असणार.

यादी नीट, लेकीच्या सुवाच्य अक्षरात होती. आई, भरपूर. सासूबाई, भरपूर. व्हायोलिनचे मास्तर, चार. काकू, तीन. वॉचमनकाका, दोन तरी हवेतच. इन्स्पेक्टरांनी बोट फिरवत यादी तळापर्यंत वाचली, चष्मा पुसला, आणि कागद उलटा केला.

मागे एकच ओळ होती. "बाबा, एक. मेमरी कार्डात जागा उरली तर."