आळेफाट्याची कोरी पाटी

सुभाषचंदच्या पत्राला रखमाजी गुरुजींनी अजून उत्तर दिलं नव्हतं आणि दुसरी दिवाळी आली होती.

पत्र साधं होतं. त्यांचा हा जुना विद्यार्थी आळेफाट्याला मुलाला, कल्पेशला, साड्यांचं दुकान काढून देत होता. ‘बोर्डावर सेंटर हा शब्द घालू का? तुम्ही हो म्हटल्याशिवाय पेंटरला ब्रश उचलू देणार नाही.’

गुरुजी ‘हो’ लिहायला बसले आणि उगाच शब्दकोश उघडला. सेंटर म्हणजे मध्य; दुकान तर फाट्याच्या पार टोकाला. शिवाय दूध घालायचं सेंटर, दहावीचं सेंटर, झेरॉक्सचं सेंटर, यातलं हे कुठलं? शब्दाचं मूळ शोधलं तर ते ग्रीक निघालं: बैलाला टोचायची आर! मुंगीलाही न दुखवणाऱ्या जैनाच्या दारावर आर लावायची? गुरुजींनी कागद फाडला. असे बरेच फाडले.

“आवं, हो नायतर न्हाई, येवढंच लिवायचंय ना?” त्यांच्या पत्नी बयाबाई म्हणाल्या.

“घाईत चुकीचं जायचं.”

“आन न लिवता बराबर जातं व्हय?”

शेवटी ‘शब्द रूढ आहे, खुशाल घालावा’ असं लिहून त्यांनी पाकीट चिकटवलं. मग पुन्हा शंका आली. दुकान एकदा पाहून यावं म्हणून पाकीट टेबलावर ठेवून ते जीपमध्ये बसले.

फाट्यावर ड्रायव्हर गोरख ओरडला, “कोरी पाटीवाले, उतरा!”

जीपमधल्या सगळ्या बायका उतरल्या.

“कोरी पाटी म्हणजे?” गुरुजींनी भीत भीत विचारलं.

“साड्यांचं दुकान, गुरुजी! हितं समदी सेंटरंच. कुठलं कुठलं, कळत न्हाई. कोरी पाटी लांबनं दिसती. आन ज्यो बोर्डावर पैसं घालवत न्हाई, त्यो माल सस्तच देनार की!”

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कल्पेश हातातली साडी टाकून धावला.

“गुरुजी, उत्तर द्यायला आलात?”

“उशीर झाला खरा, पण...”

“नका देऊ! माझे बापू शब्दाचे पक्के. तुमचं उत्तर आलं की पेंटर बोलावतील. समोरचे लोक आपले बोर्ड पुसायला निघालेत, आन आमी रंगवायचा? मी तर रोज देवाला सांगतो, गुरुजींना अजून शंका येऊ दे.”

आपल्या शंकांचा कुणाला उपयोग झाल्याचं गुरुजींना पहिल्यांदाच कळत होतं. परतताना त्यांनी ठरवलं, पाकीट चुलीत घालायचं.

घरी टेबल रिकामं होतं.

“पाकीट कुठाय?”

“पोस्टमन आला व्हता, तिकीट लावून त्याच्याकडं दिलं,” बयाबाई समाधानाने म्हणाल्या. “तुमी काय धाडलं नसतं. आता तरी व्हऊ द्या त्या पोराचं भलं.”