बाहेरून लावायची कडी

गच्चीवरची खोली एका संस्थेला भाड्याने द्यायला तेजस्विनीने होकार दिला, तेव्हा संस्था म्हणजे टेबल, फायली आणि दुपारचा चहा असं तिच्या डोळ्यांपुढे होतं. प्रत्यक्षात आला तो गोरक्ष. सिन्नरकडचा, पन्नाशीचा, बांधाच्या भांडणात एकाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातल्याबद्दल जन्मठेप भोगून नुकताच सुटलेला.

"आपल्या डोक्यावर जन्मठेप?" ती नवऱ्याला म्हणाली. "आणि रोशनी अजून रांगतेय!"

"अगं, सुटलाय ना तो," अमित सेकंड शिफ्टला निघता निघता म्हणाला. "आणि सरकारी योजना आहे." अमितचा सरकारी योजनांवर विश्वास होता, कारण तो संध्याकाळी घरी नसायचा.

योजना संस्थेच्या मोहिनीताईंनी समजावून सांगितली. "पूर्वी माणसं ठेवून घेतली की अनुदान मिळायचं. आता माणसं मार्गी लागली तरच मिळतं. गोरक्षभाऊ इथे राहिले, कामावर गेले, मोकळेपणाने जगायला लागले, की साहेब येऊन बघणार आणि पुढचा हप्ता सोडणार."

"आणि नाही लागले मार्गी तर?"

"तर खोली बंद. मग त्यांना जागा नाही. गावी भावाने दारातूनच परत पाठवलंय."

गोरक्षबद्दल तक्रार करायला मात्र जागा नव्हती. तो एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला जायचा, संध्याकाळी यायचा, जिन्यावर चपलेचाही आवाज करायचा नाही. तरी पहिले काही दिवस तेजस्विनी कान टवकारून झोपायची, म्हणजे झोपायचीच नाही. वर जाऊन त्याच्या दाराला हळूच बाहेरून कडी घालावी असं तिला रोज वाटायचं आणि आपण शिकलेल्या आहोत या विचाराने ती रोज तशीच पडून राहायची.

एका संध्याकाळी गोरक्षच खाली आला. मान खाली घालून उभा राहिला.

"वहिनी, एक काम होतं. रात्रीला तेवढी कडी लावून घेत जा ना."

"आतून लावा की!"

"आतून लावलेली आपल्यालाच उघडता येती. तिचा काय भरवसा? झोपच नाय लागत. आतमधे सात वाजता कडी वाजायची, की डोळा लागलाच म्हणून समजा."

तेजस्विनीने वरवर आढेवेढे घेतले. "छे, बरं दिसत नाही ते." पण सातच्या ठोक्याला रोशनीला कडेवर घेऊन ती जिना चढली, कडी लावली, आणि त्या रात्री वर तो आणि खाली ती, दोघंही गाढ झोपले. खोलीला आत मोरी-संडास होता, त्यामुळे अडायचं काही नव्हतं. सकाळी पाणी आलं की ती कडी काढायची. व्यवस्था इतकी छान बसली की त्यात काही चुकीचं आहे हे दोघंही विसरले.

मग मोहिनीताईंचा फोन आला. "देवरे साहेब या आठवड्यात कधीही येतील. न सांगता येतात ते. सगळं ठीक आहे ना?"

"अगदी!" म्हणून तेजस्विनीने फोन ठेवला आणि कारखान्यातून परतणाऱ्या गोरक्षला जिन्यातच गाठलं. "भाऊ, कडी बंद. साहेबांनी बघितलं तर मी तुम्हाला कोंडून ठेवते असं होईल."

"उद्यापासून बंद करू, वहिनी," गोरक्ष अजिजीने म्हणाला. "आजची रात झोपून घेतो."

तिलाही आजची रात्र झोपून घ्यायची होती.

देवरे साहेब नेमके त्याच संध्याकाळी आले. बाहेरच्या जिन्याने थेट वर गेले, गोरक्षने दिलेल्या खुर्चीवर बसले आणि डास येतात म्हणून दार त्यांनीच ओढून घेतलं. सात वाजले. रडणाऱ्या रोशनीला थोपटत तेजस्विनी वर आली, सवयीने कडी सरकवली आणि खाली उतरली.

"दार कोणी लावलं?" साहेब ताडकन उठले.

"सात वाजले, साहेब," गोरक्ष म्हणाला.

मग दारावर धडाधडा थापा पडू लागल्या. खाली तेजस्विनीने कुकरखालचा गॅस बंद केला. "उघडा! मी सरकारी अधिकारी आहे!" गोरक्षचा ओरडण्याचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे हा त्याचाच, असं तिने धरून टाकलं. रोशनीला उचलून ती शेजारच्या लंकाबाईंकडे धावली.

"मावशी, त्याचं डोकं फिरलंय! स्वतःला अधिकारी म्हणतोय!"

"मी म्हणलंच होतं," लंकाबाई म्हणाल्या. त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण हातात लाटणं घेऊन त्या पुढे झाल्या. त्यांच्या मागे गल्लीतले आणखी चार-पाच जण. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सगळी फौज थांबली. कडी काढायला कोणी तयार होईना. आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

तेवढ्यात खिडकीच्या गजांमागे गोरक्षचा शांत चेहरा दिसला.

"वहिनी, घाबरू नका," तो म्हणाला. "साहेब नवीन हायेत. पहिल्या दिवशी सगळेच असं करतात."

तेजस्विनीने कडी काढली. साहेब बाहेर आले ते घामाने भिजलेले. गोरक्ष त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन उभा. "पाणी देतोय, वारा घालतोय, पण बसतच नायत," तो काळजीने म्हणाला.

"तुम्ही माणसाला कोंडता?" साहेब कडाडले.

तेजस्विनीला रडूच फुटलं. गोरक्ष मधे पडला. "मीच मागितली कडी, साहेब. त्यांना बोलू नका."

"मग तर कठीणच. कडी मागून घेणारा माणूस मार्गी लागला असं मी कसं म्हणू?" साहेबांचा आवाज उतरला. "महिन्याने येतो. तेव्हाही असंच असलं, तर खोली बंद."

साहेब गेल्यावर गोरक्ष बराच वेळ गच्चीत उभा होता.

"घडीभरात काय हाल झाले त्यांचे," तो म्हणाला. "दार लागल्यावर माणसाला असं व्हायला पाहिजे, नाय का वहिनी? मी विसरूनच गेलो होतो. आज नका लावू."

पुढचे दिवस त्याचे डोळे लाल असायचे. तेजस्विनी वर दूध पाठवायची, जायफळ घालून. आता तिला त्याची भीती नव्हती, त्याच्या झोपेची काळजी होती, आणि त्यामुळे झोप तिलाही येत नव्हतीच.

महिन्याने, रविवारी दुपारी, देवरे साहेब आले. या वेळी ते उंबऱ्याबाहेरच थांबले. दार सताड उघडं. खोली रिकामी.

"कुठे गेलेत?"

"मला... मला काही बोलले नाहीत," तेजस्विनी म्हणाली. कारखाना बंद. गावी थारा नाही. साहेबांनी कपाळाला आठी घातली आणि ते गच्चीच्या कठड्याला टेकले. तेजस्विनीने त्यांना चहा आणून दिला. लंकाबाई आपल्या दारातून, "पळाला असंल," एवढं बोलून मोकळ्या झाल्या.

चहा निवून गेल्यावर जिन्यात चपला वाजल्या. चांगल्या फटाफट. गोरक्ष वर आला, हातात चुरमुऱ्याच्या भत्त्याची पुडी.

"कुठे होतात?" साहेबांनी विचारलं.

"कुठं नाय."

"काम होतं?"

"नाय. इथंच गंगेच्या घाटावर गेलो. बसलो. मग उठलो." तो ओशाळला. "उगाच."

साहेबांची आठी हळूहळू सुटली. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"उगाच काय, उगाच?" तेजस्विनी भडकली. महिनाभराचं जागरण तिच्या आवाजात होतं. "घरात माणसं जीव टांगून बसतात! निदान सांगून जात जा!"

"बाई," साहेब सही करता करता घाईघाईने म्हणाले, "मी खाली उतरेपर्यंत तरी त्यांना सांगून जायची सवय लावू नका."