गेल्या वर्षीची आंबापोळी

बसा रे बाळांनो, मांडी घालून. चुळबूळ नको. जिकडे बघावं तिकडे डोंगर, अशा एका जंगलात केतकाबाई नावाची अस्वलीण राहत होती. नवरा ढोलेराव, दोन मुली, घुमी आणि ठुमी. घरात सासूबाई. आणि एक डबा.

दर वैशाखात हे कुटुंब डोंगरावरच्या आमराईत फिरायला जाई. फांद्या आंब्यांनी वाकलेल्या. वास असा, की वाटेवरची मुंगीसुद्धा झिंगावी! पण घरचा नियम कडक. आधी गेल्या वर्षीचं संपवायचं. म्हणून सगळे आंब्याखाली बसून गेल्या वर्षीची आंबापोळी चावत. मग ताजे आंबे उतरवून घरी नेत आणि त्यांची पोळी घालत. पुढच्या वर्षी संपवायला.

हा नियम सासूबाईंचा. पण पाळायला लावायच्या केतकाबाई. लग्न होऊन बारा वर्षं झाली, बाईंच्या जिभेला ताजा आंबा लागला नव्हता. फार वाटायचं हो, एक खावा. एकच! पण सांगतात कोणाला?

यंदाही निघाले. ठुमी उड्या मारत पुढे. आमराईत बसून पोळी चावायला लागले.

"आई, हा पडलेला आंबा खाऊ?"

"डबा संपला का?"

"आई, ती पोळी चपलेसारखी लागते."

"अन्नाला नावं ठेवू नकोस. नीट चाव."

तेवढ्यात वारा सुटला आणि एक पिकलेला आंबा थेट केतकाबाईंच्या नाकावर येऊन फुटला. रस ओघळला. बाईंनी हळूच जीभ बाहेर काढली.

"अगं बाई!" म्हणाल्या, आणि सरसर झाडावर!

"अगं, पडशील!" ढोलेराव ओरडले.

"पडले तर पडले! झेला!"

मग काय विचारता! आंब्यांचा नुसता पाऊस. कोपरापर्यंत रस. घुमी-ठुमी उतारावरून गडगडत खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. ढोलेराव बेसूर गायला लागले आणि कोणी त्यांना थांबवलं नाही. केतकाबाई हसता हसता रडल्या. "बारा वर्षं फुकट घालवली गं मी!"

ऊन उतरलं तेव्हा डबा आठवला. जवळजवळ तस्साच भरलेला! घरी सासूबाई उघडून बघणार. बाईंचं धाबं दणाणलं.

इतक्यात समोरून वानरांच्या शेपटेकाकू आल्या.

"काकू, आंबापोळी घ्या ना मुलांना! नाही म्हणायचं नाही हं!"

"अय्या, कशाला?" म्हणत काकू डबा घेऊन झुडपामागे गेल्या. परत आल्या तेव्हा डबा पहिल्यापेक्षा जड.

"रिकामा डबा परत देतात का कधी? फणसपोळी आहे. तीन वर्षांची, पण छान टिकलीय. नाही म्हणायचं नाही हं!"

केतकाबाईंनी बघितलं. काकूंच्या हनुवटीला ताज्या फणसाचा गरा चिकटला होता.

तात्पर्य : ताजं खावं ते गुपचूप, पोट फुटेस्तोवर. शिळं मात्र चारचौघांत, हसतमुखाने, आग्रह करकरून वाटावं. त्यालाच, बाळांनो, शेजारधर्म म्हणतात.