गेर्लिंडे कार्डांवर बसली

गेर्लिंडे पाश्केच्या धाकट्या मुलीने तिसरं लग्न केलं, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आधीचे दोन्ही जावई गेर्लिंडेने पहिल्या भेटीतच नापास केले होते आणि दोन्ही वेळा तिचंच खरं झालं होतं. त्यामुळे माणसांना गुण द्यावेत ते आपणच, असं तिचं ठाम मत. मैत्रीण रोसविटाला तिने सांगून टाकलं, "तू फक्त वाच. बाकीचं माझ्यावर सोड."

प्रकरण होतं जर्मनीतल्या बोखुम शहरातल्या कवितांच्या लढतीचं. जुन्या कोळसाखाणीच्या न्हाणीघरात ती भरायची. खाण केव्हाच बंद पडली होती, पण खाणकामगारांचे कपडे टांगायच्या साखळ्या आणि हूक छताला तसेच लोंबत होते. त्यातल्या एकावर रोसविटाच्या नवऱ्याने, आल्फोन्सने, उभं आयुष्य आपली विजार टांगली होती. रोसविटाकडे दोन कविता होत्या. एक गुडघ्याच्या ऑपरेशनवर, लोकांना हसवायला. दुसरी आल्फोन्सवर, आणि ती तिला याच छताखाली वाचायची होती, दुसरीकडे कुठेही नाही. पण दुसरी कविता वाचायला मिळायची ती फक्त अंतिम फेरीत पोचणाऱ्यांना. म्हणजे आधी गुडघ्याने जिंकून द्यायला हवं होतं.

परीक्षक म्हणून तिथे प्रेक्षकांतलीच माणसं उचलतात. सूत्रसंचालक थोर्बेन गुणांची कार्डं घेऊन फिरू लागला, तसा गेर्लिंडेचा हात असा वर गेला की आता साखळीला लोंबकळते की काय! अट एकच होती, स्पर्धकांपैकी कोणी ओळखीचं नको. आपण या सबंध शहरात कोणालाच ओळखत नाही, असं गेर्लिंडेने छातीवर हात ठेवून सांगितलं. मागच्या रांगेत तिचा दातांचा डॉक्टर बसला होता. त्याला ठसका लागला.

पहिला पोरगा प्रेमभंगावर घसा फुटेस्तोवर बोलला. गेर्लिंडेने 'एक' वर केला. परीक्षकाची हुर्यो उडवायची ही तिथली रीतच, आणि लोकांनी ती मनापासून उडवली. गेर्लिंडेने ती वाढदिवसाच्या फुलांसारखी स्वीकारली. समुद्रातल्या कासवांसाठी रडणाऱ्या मुलीला एक. स्वतःच्या बापावर चिडलेल्या दाढीवाल्याला एक. कवितेला बरा होता, पण बूट पुसून यायला काय झालं होतं, असं तिने शेजारच्या परीक्षकाला विचारलं.

शेवटी रोसविटा आली. घाबरली होती. धीर यावा म्हणून तिने पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं आणि माईकमध्ये म्हणाली, "ती बघा माझी जिवाभावाची मैत्रीण गेर्लिंडे. तिने मला सांगितलंय, काळजी करू नकोस म्हणून."

सभागृह गडगडलं. थोर्बेनने कपाळाला हात लावला. गेर्लिंडे उठून उभी राहिली.

"या बाईंना मी आयुष्यात पाहिलेलं नाही."

"अगं, काल माझ्याकडे येऊन अर्धा केक खाल्लास की!"

"कोणता केक? चेरीचा? तो कोरडा होता."

आता हिला काढू नका, असं लोकच ओरडायला लागले. रोसविटाने कविता म्हटली ती अशी चिडून, की गुडघ्याचं ऑपरेशन युद्धासारखं वाटलं. टाळ्या चांगल्या पडल्या. गेर्लिंडेने दोन्ही हातांनी 'दहा' उंच धरला. मग थोर्बेनने नेहमीचा नियम सांगितला: प्रत्येक वेळी सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा गुण धरायचा नाही.

"म्हणजे माझा दहा?"

"गेला, पाश्केबाई."

"आणि ते सगळे एक?"

"तेही गेले."

संध्याकाळभर केलेली सगळी लबाडी अशी फुकट गेली होती. शिवाय जिवाभावाची मैत्रीण चारचौघांत नाकारून झाली होती. रोसविटा थोडक्या गुणांनी स्पर्धेबाहेर पडली आणि कोट घालू लागली.

अंतिम फेरीआधी क्रमाने लावून घ्यायला थोर्बेन सगळ्यांची कार्डं परत मागायला आला. गेर्लिंडेने ती खुर्चीवर ठेवली आणि वर बसली. गेर्लिंडे बसली की ती उठेपर्यंत खालचं काही मिळत नाही, हे जावयांनाही ठाऊक होतं. थोर्बेनने विनंती केली, नियम सांगितले, पोरं ताटकळलीत म्हणाला. रोसविटाने आधी वाचावं, मग कार्डं, एवढंच गेर्लिंडे सांगत राहिली. हुर्यो पुन्हा सुरू झाली. ती हातांची घडी घालून बसूनच राहिली.

रोसविटा जवळ आली. "तू तर मला ओळखत नाहीस ना?"

"न ओळखणाऱ्या बाईसाठी कोणी कार्डांवर बसतं का? ही माझी मांडी बधिर झालीय. जा, वाच."

कोणीतरी फरशीवर पाय आपटला. मग दाढीवाल्याने आपटला, कासववालीने आपटला, आणि बघता बघता साखळ्या वाजू लागल्या. थोर्बेनने माईक सोडला.

रोसविटा कोटातच वर चढली. गेर्लिंडे सावरून बसली. एवढं भांडून मिळवलेली कविता, चांगली लांबलचक असणार, असा तिचा हिशेब होता. रोसविटाने घसा खाकरला आणि छताकडे बघून सगळी कविता म्हणून टाकली:

"आल्फोन्स ब्रुखमान, खाणकामगार, गेल्या फेब्रुवारीत वारला. मंगळवार होता. सकाळी."