जावईबापूंचा सढळ हात

जावईबापूंना भाजीची चव घेण्याची गरजच वाटत नसे. ताट वाढलं की आधी वरून मीठ! विमा कचेरीतही तोच खाक्या. फाईल उघडायच्या आत दावा नामंजूर! अशा द्रष्ट्या माणसाच्या हाती सासूबाईंनी आपला गुलाब सोपवला.

गुलाब साधासुधा नव्हता. सासरेबुवांनी जाण्यापूर्वी लावलेली ती शेवटची कुंडी. महिनाभर मुलाकडे निघताना सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, फक्त पाणी घाला हो."

"नुसतं पाणी? आई, तुम्ही परत याल तेव्हा फुलं ठेवायला जागा पुरणार नाही!"

त्याच संध्याकाळी गच्चीवर दाणेदार खताची पिशवी आली. पिशवीवर 'एक चमचा' असं लिहिलं होतं. चमचा ही भित्र्या लोकांची सोय. जावईबापूंनी मूठ भरली.

आठवड्यात पानांच्या कडा करपल्या.

"उपाशी आहे बिचारा!" असं निदान करून त्यांनी आणखी एक मूठ टाकली.

"अहो, आधी माती तपासून घ्या," बायको म्हणाली. "प्रयोगशाळेत सांगतात, काय कमी आहे, काय जास्त."

"तिचं काय रक्त तपासायचंय? माझी नजर पुरेशी आहे!"

त्या नजरेदेखत पानं गळाली. भूक फारच वाढलेली दिसते म्हणून मग दोन्ही मुठी! शेवटी कुंडीत काड्या उरल्या आणि सासूबाईंचा फोन आला, "रविवारी येतेय. गुलाब कसा आहे?"

"छान! एकदम... सुटसुटीत!" जावईबापूंनी फोन ठेवला. त्यांच्या विनोदांना हसणारा घरातला एकमेव माणूस म्हणजे सासरेबुवा, आणि त्यांची शेवटची आठवण आपण मारली! मुकाट्याने ते कुंडीतली माती पिशवीत भरून प्रयोगशाळेत देऊन आले.

दोन दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. "साहेब, तुम्ही माती देणार होतात ना?"

"मातीच दिलीय!"

"नाही हो, खत दिलंय. पण भेसळीचं आहे. माती मिसळलीय त्यात. दुकानदाराकडे तक्रार करा!"

"बाई... ती आमच्या कुंडीतलीच माती आहे."

बाई म्हणाल्या, "मुळं भाजली असतील. आता काही म्हणजे काही घालू नका! भरपूर पाणी ओता, खालून सगळं वाहून जाऊ दे."

रविवार उजाडेपर्यंत जावईबापू बादल्या वाहत होते. सासूबाई आल्या त्या थेट गच्चीवर. काड्यांकडे बघून त्यांचा चेहराच उतरला. वाकून त्यांनी एक काडी नखाने जराशी खरवडली. आत हिरवी होती.

"जगेल," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसून थेट स्वयंपाकघरात गेल्या.

जेवताना जावईबापूंचा हात सवयीने मिठाकडे गेला. सासूबाईंनी बरणी आपल्याकडे ओढली.

"आधी चव बघा, जावईबापू."

त्यांनी बघितली. भाजीत मिठाचा कणही नव्हता.

"कशी झालीय?"

"उत्तम!" म्हणत जावईबापूंनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.