बेडोकच्या बेपत्ता पातेल्याचं प्रकरण

आशिया खंडात अस्सल डिटेक्टिव्ह दोनच, असं दिलीपमामाचं ठाम मत होतं. त्यातला एक अजून जन्माला यायचा होता आणि दुसरा तो स्वतः. पोटापाण्यासाठी तो जहाजावर चीफ इंजिनिअर होता. वर्षातले काही महिने इंजिनरूममध्ये काढायचे आणि उरलेले सिंगापूरला, बेडोकच्या फ्लॅटमध्ये, गुन्हा घडायची वाट बघत काढायचे, असा त्याचा संसार होता. बायको नव्हती. "घरात प्रश्न विचारणारं दुसरं माणूस आलं की डिटेक्टिव्हच्या बुद्धीला गंज चढतो," असं तो सांगायचा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं कधी कोणी विचारलं नाही.

सिंगापूरमध्ये गुन्हे फारसे होत नाहीत, ही त्याची मोठी कुचंबणा होती. "इथल्या लोकांत उमेदच नाही रे," तो हळहळायचा. त्यामुळे हाताला लागेल ते प्रकरण गोड मानून घ्यावं लागे. मागच्या खेपेला खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेला बनियन चोरीला गेला, तेव्हा मामाने अख्खा मजला पालथा घालून त्याचा छडा लावला. बनियन मामाच्याच अंगात सापडला, पण छडा लागला हे त्याच्या शत्रूलाही मान्य करावं लागलं असतं.

या थोर पुरुषाचा मदतनीस म्हणजे त्याचा भाचा सारंग. सारंग क्वीन्सटाउनच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि मामाकडे राहायचा. मामा म्हणेल तिथे टॉर्च धरायचा आणि मधूनमधून "कमाल आहे मामा" म्हणायचं, एवढीच त्या पदाची जबाबदारी होती. ती तो इमानेइतबारे पार पाडत असे.

त्या शनिवारी मात्र त्याचं मन टॉर्च धरण्यात नव्हतं. यानेलिस जेवायला येणार होती.

यानेलिस मूळची हवानाची, त्याच्याच ऑफिसातली. सारंगला तिच्याशी लग्न करायचं होतं आणि अजून तिला विचारायचं धाडस झालं नव्हतं. त्यात आई पुण्याहून महिनाभरासाठी आली होती. दोघींची आज पहिली भेट. दोघींचं जमलं नाही तर आपलं काय होणार, या काळजीने आठवडाभर त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

बरं, काय खाशील असं त्याने यानेलिसला विचारलं आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. "रोपा व्हिएहा," ती म्हणाली. "माझी आजी करायची. ती गेली तेव्हा मला घरी जाता आलं नाही. त्यानंतर मी ते तोंडात घातलेलं नाही." तिचे डोळे बघून सारंग हो म्हणून बसला. पदार्थ गाईच्या मांसाचा असतो, हे त्याला नेटवर बघितल्यावर कळलं.

आई तशी शनिवार सोडला तर मटण आवडीने खायची. पण गाईचं मांस तिच्या लेखी अन्नच नव्हतं आणि घरातल्या भांड्यांना ते लागणं तर लांबच राहिलं. होऊ घातलेली सून पहिल्याच दिवशी हे शिजवायला लावते, एवढं तिच्या कानावर गेलं असतं तर पुढचं सगळं मुसळ केरात.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" मामा म्हणाला. "आमचं जहाज तांदूळ घेऊन हवानाला गेलं होतं, तेव्हा बंदरावरच्या एका बाईने मला हे शिकवलंय. कृती थोडी विसरलोय. बाई लख्ख आठवतेय."

मग त्याने योजना आखली. ताईला सांगायचं की मटण आहे. दिवस शनिवारचा, म्हणजे ती चव बघायलाही येणार नाही. स्वयंपाकघराच्या मागे, वॉशिंग मशीनपाशी, वेगळी शेगडी मांडायची. आणि पातेलं शेजारच्या काक रोहानीचं आणायचं. काक म्हणजे मलयमध्ये ताई.

"शेगडी बाहेरची, पातेलं शेजारचं, ताईचा वार पाळायचा दिवस," मामा बोटांवर मोजत म्हणाला. "कायद्याने बघशील तर हे आपल्या घरात शिजलेलंच नाही."

रोहानीने पातेलं देताना एकच अट घातली. "हलाल मीट ओन्ली, ओके? अदरवाइज माय पॉट कॅनॉट." मामाने मार्केटातल्या हलाल खाटकाकडूनच मांस आणलं. एका पातेल्यापायी दोन धर्म सांभाळताना त्याला बोटीवर कधी आला नव्हता तेवढा घाम आला.

सकाळपासून मांस मंद आचेवर शिजत राहिलं. धागे सुटायला लागल्यावर मामाने दोन काट्यांनी ते पिंजलं. कांदा, सिमला मिरची, टोमॅटो, ऑलिव्ह आणि जिरं पडलं. जिरं बघताच मामाने पदार्थ मूळचा कोकणातला असल्याचं जाहीर केलं आणि गोडा मसाला शोधायला उठला. सारंगने ती बरणी आदल्या दिवशीच आपल्या कपाटात कुलपात ठेवली होती.

दुपारी आई आडवी झाली. पातेल्यावर झाकण ठेवून मामा-भाचे तळायची केळी आणायला खाली मार्केटात गेले. परत येऊन बघतात तर शेगडी जागेवर होती आणि पातेलं नव्हतं.

"गुन्हा," मामा म्हणाला. लोक 'मुलगा झाला' म्हणतात त्या आवाजात.

सारंगने घड्याळ पाहिलं. यानेलिस यायला फार वेळ उरला नव्हता. "मामा, आईला विचारू या."

आई घरात नव्हती. तिच्या चपलाही नव्हत्या. फोन केला तर तो सोफ्यावरच वाजला.

"ताई खाली फिरायला गेली असणार," मामा म्हणाला. "आणि तिला विचारून उपयोग काय? तिच्या मते ते मटण आहे. शनिवारी ती मटणाच्या भांड्याला शिवत नाही. म्हणजे हे काम ताई सोडून जगातल्या कोणाचंही असू शकतं. बघ, किती पटकन एक नाव खोडलं."

"कमाल आहे मामा," सारंग सवयीने म्हणाला.

मामाने भिंग काढलं. ते त्याने जहाजावरचे नकाशे बघायला घेतलं होतं. खिडकीच्या कठड्यावर त्याला एक पीस मिळालं.

"साळुंक्या."

"पातेल्यासकट?"

"टोळीने येतात त्या." पण पातेल्याचं वजन आठवल्यावर त्याने हा धागा सोडला आणि बाष्पीभवनाकडे वळला. आपण गॅस बंद केला नसेल, तर हळूहळू सगळं आटून हवेत गेलं असेल. हे बॉयलरपाशी आयुष्य गेलेल्या माणसाने सांगितलेलं आहे.

"आणि पातेलं कुठे गेलं?"

मामाने रिकाम्या शेगडीवर भिंग धरलं. "पातळ होतं का रे फार?"

तिसरा संशयित वरच्या मजल्यावरचा अभय. अभय इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात शाकाहारावर भाषण करायचा, त्यामुळे त्याच्याकडे हेतू होता. मामाने बेल वाजवली. दार बोटभर उघडलं आणि आतून सॉसेज तळल्याचा घमघमाट आला.

"मामा, तुम्ही आला नव्हतात आणि मी घरी नव्हतो," अभय हळूच म्हणाला आणि दार लावून घेतलं.

"हा निर्दोष आहे," मामा जिना उतरताना म्हणाला. "ज्याच्या घरी स्वतःचं पाप शिजतंय तो दुसऱ्याचं कशाला चोरेल?"

आपल्या मजल्यावर आल्यावर मामा एकदम खाली बसला. कॉरिडॉरच्या लादीवर मांसाचा एक धागा पडला होता. त्याने तो उचलला, उजेडात धरला आणि खाऊन टाकला.

"जिरं किंचित कमी पडलंय."

"मामा, तो पुरावा होता."

"म्हणूनच तपासला."

धाग्याचं टोक लिफ्टच्या दिशेला होतं, त्याअर्थी चोर लिफ्टने पळाला. वाटेत रोहानीचं दार लागत होतं. ते सताड उघडं होतं आणि आतून हसण्याचे आवाज येत होते. मामाने दाराबाहेरच्या चपलांवरून नजर फिरवली. "पाहुणे आलेत. एक जोड कोल्हापुरी आहे, म्हणजे कोणीतरी भारतातलं दिसतंय. आत्ता तिकडे फिरकायचंच नाही. तुमचं पातेलं हरवलं, हे त्या बाईला चार पाहुण्यांदेखत कोण सांगणार?"

सारंगने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो यानेलिसला फोन लावत होता आणि ती उचलत नव्हती. ठरलेली वेळ केव्हाच टळली होती.

तो जिन्याच्या पायरीवर बसला. "बास झालं मामा. चोर सापडून काय करायचंय? तिने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि ती मला ताटात वाढता आली नाही. त्यासाठी आईशी खोटं बोललो ते वेगळंच. आता दोघींपुढे कुठल्या तोंडाने उभा राहू?"

मामाने भिंग खिशात ठेवलं आणि भाच्याशेजारी पायरीवर बसला. पिशवीतली केळी त्याने दोघांच्या मध्ये ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. यानेलिस होती.

"कुठे आहेस तू?" दोघांनी एकदमच विचारलं.

"मी तुझ्या घरी आहे," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा वाढून घेतलंय. तुझी आई काही केल्या थांबत नाही. तू येतोयस का, की हेही संपवू?"

तिचा आवाज फोनमधून येत होता आणि रोहानीच्या दारातूनही येत होता.

आत टेबलाभोवती रोहानी, तिच्या दोन बहिणी, यानेलिस आणि या टोकाला आई. मधोमध पातेलं, अर्ध्याहून जास्त रिकामं. आई स्वतः पपईची फोड खात होती आणि दुसऱ्या हाताने यानेलिसच्या ताटात भात वाढत होती.

"मी म्हटलं होतं, पाहुणे भारतातले आहेत," मामा म्हणाला.

उलगडा करायला डिटेक्टिव्हची गरज पडली नाही. लिफ्टचं दार उघडल्याबरोबर यानेलिसला आजीच्या स्वयंपाकघराचा वास आला होता. पत्त्यातला घरनंबर बघायच्या भानगडीत न पडता ती वासामागे चालत गेली आणि उघड्या दारातून आत शिरली. आईने तिला फोटोवरून ओळखलं आणि पाट... म्हणजे खुर्ची पुढे केली.

"युअर मदर ब्रिंग, स्टिल हॉट," रोहानी सारंगला म्हणाली. "सो गुड. आय टेल हर, सिट लाह, ईट टुगेदर. शी डोन्ट ईट, बट शी सिट."

"आई," सारंग पातेल्याकडे बघत म्हणाला, "तू हे इकडे आणलंस?"

"मग? शेजारणीचं भांडं रिकामं परत करतात का?" आई म्हणाली. "मी आल्यापासून ती मला डबे भरून पाठवतेय, मी तिला चकल्या देतेय. आज बघितलं तर तिचं पातेलं तुम्ही काठोकाठ भरून ठेवलंय. म्हटलं, पोरांना अक्कल आली. निवायच्या आत देऊन आले."

"पण शनिवारी तू मटणाला..." मामा सुरू झाला.

"दिलीप, मटणाचे असे दोरे सुटतात का कधी? तुझ्याआधीपासून रांधतेय मी. सकाळी वास आला तेव्हाच कळलं मला काय आहे ते. आपल्यात ते कोणी खात नाही. रोहानीकडे खातात. पातेलं रोहानीचं. मग कोणासाठी केलं असणार ते?"

मामाने मनातल्या मनात भिंग लावून पाहिलं. तर्कात कुठेही भोक नव्हतं. आणि तो तर्क त्याचा नव्हता.

सारंग आईशेजारी खाली बसला. आता लपवण्यात अर्थच नव्हता. "आई, ते रोहानीसाठी नव्हतं. हिच्यासाठी होतं. तुला कळलं तर तुला ही आवडणार नाही, म्हणून खोटं बोललो मी."

आईने त्याच्याकडे पाहिलं. सारंगला पहिलीपासूनच्या सगळ्या परीक्षा आठवल्या.

"पहिला घास घेतला आणि पोरगी रडायलाच लागली," ती म्हणाली. "मी घाबरले. वाटलं, तुझ्या मामाने मिरची जास्त घातली. तर ती सारखी म्हणे, ग्रँडमदर, ग्रँडमदर. मी आणखी वाढलं. ते समजायला मला इंग्रजी शिकावं लागलं नाही. आवडणार नाही म्हणे. मला विचारलंस का एकदा तरी?"

"चुकलं आई."

"चुकलंच. माझ्या भांड्यात ते मी शिजवू देणार नाही, ते आधीच सांगते. पण म्हणून दर वेळी शेजारी हात पसरत जायचं का? हिचं असं एक पातेलं आणून ठेव घरात. लहान नको." आईने दोन्ही हातांनी आकार दाखवला. "पुढे माणसं वाढतात."

रोहानी मान डोलावत राहिली. एक अक्षरही न कळता तिला सगळं पटलं होतं. मामाने उरलंसुरलं पातेलं आपल्याकडे ओढून घेतलं आणि पुराव्याची सविस्तर तपासणी सुरू केली.

"काय म्हणतायत त्या?" यानेलिसने विचारलं.

सारंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाच वर्षं इंग्रजीत नोकरी करत असूनही त्याला शब्द सापडेनात. "आई म्हणते की... उद्या तू माझ्याबरोबर खरेदीला येशील का? एक पातेलं घ्यायचंय. तुझ्यासाठी. आमच्या घरात ठेवायला."

यानेलिसने आईकडे पाहिलं. मग सारंगकडे पाहिलं, आणि हात वर करून आईने दाखवला होता तेवढाच आकार दाखवला.

"एवढं ना?" ती म्हणाली. "येते."