अदे लेतेला कोण सांगणार?

"हिच्या मागून सायकल चालवायची म्हणजे नवरीच्या वरातीत चालल्यासारखं वाटतं!" निगिस्ती माझ्या कानाशी पुटपुटली. मी चाकात हवा भरत होते. "उद्या वाटेत कुणीतरी आपल्यावर तांदूळ टाकेल बघ!"

मी हसले नाही, कारण वरातीच्या अग्रभागी अदे लेते होती आणि ती दहा पावलांवर उभी राहून स्वतःची साखळी पुसत होती.

अदे म्हणजे आई. लेतेब्रहान आमची कुणाचीच आई नव्हती, पण आमच्या देकेमहारे गावात तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायची कुणाची टाप नाही. वय त्रेपन्न. अकरा वर्षांपूर्वी बायकांची ही टीम तिने उभी केली, तीही एका सायकलवर, आळीपाळीने. मी तेव्हा तेहेतीस वर्षांची होते आणि मला साधा तोल सांभाळता येत नव्हता. ती माझ्या सीटला धरून दवाखान्यापासून चर्चपर्यंत पळायची. गुडघे माझे फुटायचे, रडायची ती!

आता शर्यत आठ दिवसांवर आली होती. बायकांची, हौशी, टीमने पळायची. टीम एकामागून एक सुटणार, टीममधल्या चौघी एकत्र निघणार आणि तिसरीचं चाक रेषेवर टेकलं की घड्याळ थांबणार. म्हणजे चौथी मागे राहिली तरी टीमचं काही बिघडत नाही. नियम करणाऱ्याने दयाळूपणेच केला असावा. पण आमच्यात चौथी कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणता कुणालाच येत नव्हतं.

त्यात अदे कायम सगळ्यांत पुढे. वारा अंगावर घ्यायचा मान मोठ्यांचा, असं तिचं म्हणणं. आणि तिला ओलांडून जायची आमची हिंमत नाही! ताटावर बसताना जिच्याआधी आम्ही हात घालत नाही, तिला रस्त्यावर कसं मागे टाकायचं? त्यामुळे तीन धडधाकट बायका तिच्या मागे गोगलगायीच्या पोरांसारख्या सरकत असायच्या.

एरवी चाललंही असतं. पण यंदा हिरिती होती. एकोणीस वर्षांची, बेकरीत पहाटे पीठ मळणारी. तिचे पाय चालायला लागले की बघणाऱ्याला धाप लागायची. अस्माराच्या मोठ्या क्लबाचा माणूस वही घेऊन येणार होता आणि त्याने निरोप धाडला होता: पहिल्या दोन टीममधल्याच मुली बघीन.  हिरिती त्या दिवसापासून रोज रात्री सायकल घरात, स्वतःच्या खाटेशेजारी ठेवायला लागली.

"अदेला कोणीतरी सांगायला हवं," निगिस्ती म्हणाली.

"माझ्यावर सोडा!" मी म्हणाले. "अगं, सासूचं वाटाण्याचं कालवण खारट झालंय हे मी अशा शब्दांत सांगितलं होतं की तिने मला दुसऱ्यांदा वाढलं! अदेला असं गोड सांगते, की ती उलट माझे आभार मानेल!"

आभार तिने मानले नाहीत. पुढे जे झालं ते असं.

मी संध्याकाळी तिच्याकडे गेले. तिने कॉफीचे दाणे भाजले, धूर माझ्या तोंडापाशी फिरवला, कॉफीची मातीची सुरई, जेबेना, निखाऱ्यावर ठेवली. आमच्याकडे कॉफीच्या तीन फेऱ्या होतात आणि तिसरीच्या आधी उठणं म्हणजे यजमानिणीच्या तोंडावर दार आपटणं. मला वाटलं, बरंच झालं, सांगायला तीन संधी!

पहिल्या कपाला मी म्हणाले, "वय कुणाला चुकलंय, अदे?"

"तुझं किती आता?"

"चव्वेचाळीस."

"हं," अदे म्हणाली आणि माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

दुसऱ्या कपाला मी म्हणाले, "चढावर एखादीला दम लागला, ती मागे राहिली, तर त्यात कमीपणा काही नाही. हो ना?"

अदेने कप खाली ठेवला. "किती दिवस होतंय तुला असं?"

"मला? नाही, अदे, मी आपलं सहज..."

"छातीत धडधड? रात्री झोपेत पाय आखडतात?"

"तसं कुणाचेही आखडतात, पण..."

तिसरा कप ओतताना तिचे डोळे भरले होते. "मेहरेत, पोरी, हे बोलायला तुला केवढं जड गेलं असेल! मी आहे ना! मी असेपर्यंत तुला कुणी मागे टाकणार नाही." आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

आशीर्वाद चालू असताना मध्येच 'तुमचा गैरसमज झालाय' असं कसं म्हणायचं? तुम्हीच सांगा! मी 'आमेन' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या घरी मेथीचं पाणी आलं. दुपारी चर्चमधल्या दोन बायका हिंबाशाची गोड रोटी घेऊन आल्या आणि माझ्याकडे अशा मायेने बघत बसल्या, जशी मी गावाला निघाले आहे आणि परतीचं काही ठरलेलं नाही. संध्याकाळी नवरा आला.

"ही एवढी गोड रोटी कशाबद्दल?" हब्तोमने विचारलं.

"मी आजारी आहे."

"काय झालंय?"

"काही नाही."

त्याने रोटीवरचं फडकं उचललं. "मग मी खाऊ?"

"खा!"

निगिस्तीने मला सायकलच्या दुकानामागे गाठलं. "तू तिला सांगायला गेली होतीस की तिच्याकडून दुखणं घेऊन यायला?"

"सांगते गं. शर्यतीच्या आधी सांगतेच!"

"नक्की?"

"मेरीची शपथ!"

आठ दिवस गेले. एकदा मी तिच्या दारापर्यंत पोहोचलेही होते, पण ती माझ्या सायकलचं सीट मऊ करायला स्वतःच्या हाताने लोकर शिवत बसली होती. मी तशीच परत फिरले.

शर्यतीच्या सकाळी अदेने हुकूम सोडला. "निगिस्ती आणि हिरिती पुढे. मेहरेत त्यांच्या आडोशाला. मी शेवटी, तिच्यावर लक्ष ठेवायला."

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. महिनाभर जे आम्हाला तिच्याकडून करून घेता आलं नव्हतं, ते माझ्या खोट्या धडधडीने करून दाखवलं होतं! अदे आपल्या पायांनी मागे गेली होती. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

आणि काय पळालो आम्ही! सपाटीवर कडेची निवडुंगं नुसती हिरवी रेघ झाली. आडोशाला बसल्यामुळे अदेसुद्धा छान टिकली. चढाच्या पायथ्याशी हब्तोम घड्याळ घेऊन उभा होता. आमच्या आधी सुटलेल्या, दुसऱ्या नंबरवरच्या टीमने तिथे किती वेळ घेतला होता, ते त्याने तळहातावर लिहून ठेवलं होतं.

"एकोणीस सेकंद पुढे आहात! एकोणीस!" तो ओरडला.

हिरितीने मान वळवली नाही. पण तिचे खांदे हलले, ते मला दिसले.

मग चढ आला. लांब, वळणावळणाचा, वर रेषा. हिरितीने जोर लावला, निगिस्ती तिच्या चाकाला चिकटली, मी निगिस्तीच्या. आणि मागून हाक आली, "हळू! हळू गं पोरींनो! मेहरेतला झेपत नाहीये!"

अदेचा शब्द! दोघींचे पाय आपोआप सैल पडले.

"मला झेपतंय!" मी ओरडले.

"ती असंच म्हणणार! ऐकू नका तिचं!"

आम्ही चौघी रांगत निघालो. मी वेग वाढवला की अदे म्हणायची, "ताण घेऊ नकोस, लेकरा." मी कमी केला की म्हणायची, "बघा, दमली!" पहिल्या वळणावर कुणीतरी ओरडलं, पंधरा. दुसऱ्या वळणावर, अकरा. एखाद्या उधळ्या पोराने बापाचे पैसे इतके मन लावून उधळले नसतील, जितके सेकंद मी संकोचापायी उधळत होते.

मग अदेने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वर ढकलायला. सीट धरून पळायची तेव्हाचाच, रुंद, गरम हात. मी पॅडल मारत होते आणि सायकल जड होत होती. दर फेरीला अजून जड. मला कळायला जरा वेळ लागला. तो हात मला ढकलत नव्हता. तो माझ्यावर टेकला होता.

मी मागे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. घाम नाकाच्या टोकावरून टपटप गळत होता. तरी ती माझ्याकडे बघून हसली, धीर द्यायला.

"आठ!" वळणावरून आवाज आला.

हिरितीने तेव्हा पहिल्यांदा मागे वळून बघितलं. अदेकडे नाही. माझ्याकडे.

"अदे," मी म्हणाले, "मी दमलेले नाही. तुम्ही दमलाय. तुमच्याने आता हा चढ होत नाही."

माझ्या आयुष्यात मी इतकं कडू वाक्य बोलले नाही. एकही गोड शब्द त्यात घालायला दम उरला नव्हता.

तिने माझ्याकडे बघितलं. मग हात काढून घेतला. माझी सायकल जागच्या जागी हलकी झाली.

"पोरींनो, सुटा!" मागून तिचा आवाज आला. हुकूमच होता तो.

आम्ही सुटलो. वरपर्यंत मी मागे बघितलं नाही. रेषेवर तीन सेकंद शिल्लक होते. वहीवाला माणूस हिरितीपाशी गेला, तिला नाव विचारलं. त्याने लिहून घेतलं.

अदे बऱ्याच वेळाने आली. शेवटपर्यंत सायकलवरून उतरली नव्हती. आम्ही धावत गेलो.

"आज वाराच फार होता, अदे," निगिस्ती म्हणाली.

"आणि रस्ता किती खराब!" मागोमाग वर पोहोचलेला हब्तोम म्हणाला.

हिरिती तिच्या खांद्यात तोंड लपवून उभी राहिली. अदेने तिच्या पाठीवर थोपटलं, पाण्याची बाटली अर्धी संपवली आणि निगिस्तीकडे वळून म्हणाली, "वारा कसला? म्हातारी झाले मी."

 मी जमिनीकडे बघत होते.

"आणि तू गं!" ती मला म्हणाली. "आठ दिवस होते तुझ्याकडे, तीन कप कॉफी प्यायलीस माझी. सांगायचंच होतं तर सपाटीवर तरी सांगायचं! चढावर माणसाला ऐकून घ्यायलासुद्धा दम लागतो."